काच बाद झाली, हे ठरवलं कुणी?

बाबा गेल्यावर ट्रंकेत त्यांचा झेनिट-ई कॅमेरा सापडला. सोबत ५८ मिमीची हेलिऑस-४४-२ लेन्स. वस्तीतली लग्नं, नामकरणं, जयंतीच्या मिरवणुका त्यांनी याच लेन्समधून टिपल्या. आई म्हणाली, "तुझ्या बाबांनी सगळ्यांचे फोटो काढले, माझा मात्र एकही धड नाही." तिचा फोटो याच लेन्सनं काढायचा, हे मी तेव्हाच ठरवलं.

पण लेन्स आतून धुरकट होती. दुरुस्तीवाल्यानं ती अर्धा मिनिट पाहिली आणि निकाल दिला, "काच बाद झाली, टाकून द्या." समाजशास्त्र शिकताना एक सवय लागली आहे. निकाल ऐकला की कारण विचारायचं. त्याच्याकडे कारण नव्हतं.

म्हणून घरी अंधारात लेन्समागे टॉर्च धरला. बुरशी असती तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले असते. चिकटवलेल्या दोन भिंगांचा जोड सुटला असता तर कडेला इंद्रधनुषी डाग दिसले असते, आणि ते काम घरी होत नाही. इथे अ‍ॅपर्चरच्या पात्यांलगतच्या भिंगांवर सारखा दुधाळ थर होता. फोकसच्या आट्यांना लावलेल्या ग्रीसमधलं तेल वर्षानुवर्षं उडून काचेवर बसतं, त्यात दमट हवेची भर पडते. म्हणजे दोष काचेचा नव्हता, वर साचलेल्या थराचा होता.

दोन टोकांच्या पान्यानं कडं सोडवलं. प्रत्येक भिंगाची बाजू आणि क्रम कागदावर लिहून ठेवला. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं वरचा तेलकटपणा गेला, चिवट थर राहिला. इथेच माणसं चिडून घासतात आणि काचेवरचं नाजूक कोटिंग कायमचं घालवतात. मी खिडकी उघडली. ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती अमोनिया थोडे थोडे समप्रमाणात मिसळले. (हे मिश्रण बंद बाटलीत ठेवू नये, आणि ब्लीच तर जवळही आणू नये.) आधी भिंगाच्या कडेला लावून पाहिलं. मग लेन्स टिश्यू ओला करून अलगद फिरवला, पाच मिनिटं थांबलो, डिस्टिल्ड वॉटरनं पुसलं. भिंग मिश्रणात बुडवलं नाही, कारण ते सांध्यात शिरू शकतं. असं तीन वेळा केलं.

थर गेला. एक ठिपका मात्र राहिला. तिथे काचच खाल्ली गेली आहे, ती पुसून भरून येणार नाही. नुकसान झालंच नाही असं मी म्हणत नाही. पण एका ठिपक्यासाठी अख्खी लेन्स भंगारात काढणारा निकाल खोटा होता, एवढं सिद्ध झालं.

रविवारी आईला खिडकीपाशी बसवलं. फोटो धुऊन आला तेव्हा तिच्या निळ्या साडीचा काठ न् काठ स्पष्ट होता. तिनं तो बराच वेळ पाहिला, मग बाबांच्या फोटोशेजारी ठेवला. लेन्स आता ट्रंकेत नाही. सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात आहे, आणि वस्तीतल्या पुढच्या लग्नाला निघणार आहे.