कान झांकण्यापूर्वीं

डोळ्यांना पापण्या आहेत, तोंडाला ओठ आहेत. कानांना मात्र विधात्यानें दार म्हणून ठेविलें नाहीं. नको तें दृश्य दिसलें तर डोळे मिटतां येतात, नको तो शब्द जिभेवर आला तर ओठ आवळतां येतात. परंतु शेजारच्या स्वयंपाकघरांतील भांड्यांचा खणखणाट आणि समोरच्या मंगल कार्यालयांतील बँडबाजा हे कोणाची परवानगी न घेतां आंत शिरतात. ही उणीव भरून काढण्यासाठीं मनुष्यानें आपल्या हातानें कानांना झांकणें करून बसविलीं, आणि त्या झांकणांतूनच गाणेंहि आंत सोडलें. ह्या वस्तूला हेडफोन म्हणतात. गेल्या उन्हाळ्यांत जुना टाकून असा एक चांगलासा हेडफोन विकत घेण्याचा प्रसंग आमच्यावर आला. वस्तु लहान, पण तिनें आमच्या घरांतील कांहीं मोठ्या गोष्टींची झडती घेतली. म्हणून ती हकीकत सांगण्याचें योजिलें आहे.

आमचें बिऱ्हाड चंद्रपुरास आहे. ह्या गांवचा उन्हाळा ज्यांनीं अनुभविला नाहीं, त्यांना कूलर ह्या यंत्राचें आमच्या संसारांतील स्थान समजणार नाहीं. मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढें गेला तरी येथें कोणी आश्चर्य करीत नाहीं. खिडकीला बसविलेली ती पत्र्याची पेटी, तिच्या ताट्यांवर ठिबकणारें पाणी आणि आंत गरगरणारा पंखा ही सारी सिद्धता मार्चअखेरीपासून मृगाच्या पावसापर्यंत जवळ जवळ अहोरात्र चालू असते. कूलरवांचून झोंप नाहीं आणि कूलरपुढें गाणें नाहीं, अशी ही अडीच-तीन महिन्यांची कुचंबणा.

त्यांत भर आमच्या वडिलांच्या टीव्हीची. बाबांनीं कोळशाच्या खाणींत तीस वर्षें काढलीं. कोळशाला भोंकें पाडणारीं यंत्रें आणि भुयारांत हवा खेळविणारे प्रचंड पंखे ह्यांनीं त्यांच्या कानांची शक्ति हळू हळू खाऊन टाकली. गोंगाटानें बिघडणारा कान एकदम बहिरा होत नाहीं. सेकंदाला ४००० कंपनांच्या आसपासचे तीक्ष्ण ध्वनि प्रथम जातात. स्वर ऐकूं येतात, पण स, श, त ह्यांसारखीं व्यंजनें निसटतात. त्यामुळें कोणी तरी बोलत आहे हें बाबांना कळतें, काय बोलत आहे तें कळत नाहीं. ‘सात’ म्हटलें तर ‘हात’ ऐकूं येतो. कर्णयंत्र घेऊन दिलें होतें, तें त्याच्या डबींत सुखरूप आहे. मग बातम्या समजाव्या म्हणून टीव्हीचा आवाज चढतो, आणि त्या बातम्या साऱ्या आळीलाहि समजतात.

रात्रीं जेवण झाल्यावर तासभर गाणें ऐकावें हा आमचा जुना परिपाठ. कूलर आणि टीव्ही ह्या दोघांवर मात करण्यासाठीं आम्ही चारपांचशें रुपयांचा एक हलका हेडफोन लावीत होतों, आणि गवयाचा आवाज त्या दोघांच्याहि वर नेऊन ठेवीत होतों. एप्रिलमध्यें एके रात्रीं खोलींत रातकिडा शिरल्यासारखें वाटलें. पलंगाखालीं पाहिलें, कपाटामागें पाहिलें, सौभाग्यवतींनाहि उठविलें. त्यांना कांहींच ऐकूं येईना. शेवटीं उमगलें कीं, रातकिडा आमच्याच कानांत होता.

कानांच्या डॉक्टरांनीं तपासणी करून आलेख हातीं दिला. ४००० च्या खुणेपाशीं रेषा किंचित् खालीं वांकली होती. बाबांच्या आलेखांत त्याच जागीं मोठी दरी आहे. आमच्यांत नुसता खळगा होता, पण जागा तीच. बाबांचा कान पोटासाठीं खाणींत गेला, आमचा हौसेपायीं गाण्यांत चालला, हा विचार त्या कागदाकडे पाहतांना मनांतून जाईना. डॉक्टरांनीं औषध दिलें नाहीं. हिशेब मात्र दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढ माणसानें ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. त्यापुढें दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि ८९ ला अवघे ५. कान हें एक प्रकारचें मुदलाचें खातें आहे. त्यांतून काढतां येतें, परत भरतां येत नाहीं.

तेव्हां कोठें आमच्या लक्षांत आलें कीं, आम्हांला मोठा आवाज नको होता. बाहेरचा आवाज लहान व्हावयास हवा होता. हें कळायला इतकीं वर्षें लागलीं ह्याची थोडी लाज वाटली, परंतु खरेदीची दिशा ठरली.

हेडफोनच्या दोन मुख्य जाती आहेत. एकाच्या वाटीची पाठ जाळीदार, उघडी असते. तिच्यांतून हवा खेळते, आणि गाणें डोक्याच्या बाहेर मोकळ्या जागेंत चालल्यासारखें वाटतें. ही जात १९६८ सालीं जर्मनींतील सेनहायझर ह्यांच्या एचडी ४१४ ह्या नगापासून लोकप्रिय झाली. दुसऱ्या जातीची पाठ बंद असते; बाहेरचें आंत कमी येतें आणि आंतलें बाहेर कमी जातें. बंद पाठीचें दुखणें असें कीं, पडद्याच्या मागच्या बाजूनें निघालेला ध्वनि वाटींतच आपटून परततो आणि मडक्यांत तोंड घालून बोलावें तशी गाण्याला घुमारी आणतो. चांगला कारागीर वाटीचा आकार व आंतील लोकर-नमद्याचें अस्तर साधून ती घुमारी मारतो. चढी किंमत मोजावयाची ती मुख्यतः ह्यासाठीं. बंद पाठ तीक्ष्ण आवाज चांगला अडविते, खर्जाची घरघर तितकीशी अडवीत नाहीं. उलट लहरी सोडून गोंगाट मारणारे विजेचे हेडफोन निघाले आहेत, त्यांचें बळ नेमकें त्या घरघरीवर चालतें. तेहि आम्हीं लावून पाहिले. पण कांहीं वर्षांनीं क्षीण होणाऱ्या बॅटरीवर आपलें गाणें अवलंबून ठेवावें हें मनाला पटेना. शिवाय तारेचा साधा हेडफोन नीट जपला तर दीर्घायुषी होतो. ऑयगेन बायर ह्यांच्या बर्लिनच्या कारखान्यांत १९३७ सालीं सुरू झालेला डीटी ४८ हा नग एकविसाव्या शतकांतहि विक्रीस होता, हें ऐकून तर आमचा निश्चय पक्का झाला.

चंद्रपुरांत असा माल कानाला लावून पाहण्याची सोय आम्हांस सांपडली नाहीं. म्हणून दीडशें किलोमीटरांवरील नागपूर गांठलें आणि सीताबर्डीवरील एका वाद्यांच्या दुकानांत बैठक मारली. परीक्षेचीं साधनें घरूनच नेलीं होतीं : तंबोऱ्याची जवारी ओळखण्यासाठीं किशोरीताई आमोणकरांचा भूप, डग्ग्याची घुमक पाहण्यासाठीं एक विलंबित ख्याल, आणि जुन्या तबकडीवरचें एक नाट्यपद. आपल्या हाडींमासीं खिळलेलें गाणेंच परीक्षेला न्यावें. दुकानदार वाजवितो तें गाणें नेहमीं त्याच्या मालाच्या बाजूनें साक्ष देतें. दुसरी सावधगिरी अशी कीं, सगळ्या नगांचा आवाज सारख्याच उंचीवर ठेवून तुलना करावी. कारण किंचित् मोठा वाजणारा नग कानाला उगीचच सरस वाटतो.

तीन नग पुढें आले. १९९१ सालापासून ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांतून वावरणारा सोनीचा एमडीआर-७५०६ फुलासारखा हलका, आणि गवयाचा श्वाससुद्धां दाखवील इतका स्पष्टवक्ता. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स भरदार. डग्ग्याला त्यानें चांगलें बाळसें आणलें, शिवाय त्याची तार सुटी करतां येते. तिसरा बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो. हा ३२, ८० व २५० ओहम अशा निरनिराळ्या रोधांत मिळतो. रोध जितका जास्त तितकी जोरकस जोडणी लागते, म्हणून मोबाइलवर ऐकणारानें २५० च्या वाटेला जाऊं नये. ८० ओहमच्या नगाला मखमलीसारख्या कापडाच्या गाद्या होत्या, आणि येथेंच निवाडा झाला. आम्हांस चष्मा आहे. चष्म्याची काडी गादीखालून गेली कीं तेथें फट राहते, आणि त्या फटींतून डग्गा पळून जातो व कूलर आंत येतो. मऊ गादी काडीभोंवतीं बसते. दुसरें असें कीं, नकली कातड्याच्या गाद्यांखालीं आमच्याकडील उन्हाळ्यांत कानांना घामाची आंघोळ होते, आणि कांहीं दिवसांनीं त्या कातड्याचे काळे पापुद्रे गालांवर उतरतात. जुन्या हेडफोननें आम्हांस तो अनुभव दिलाच होता. पहिल्या पांच मिनिटांत जो उत्तम वाटला, तो अर्ध्या तासानें उत्तम राहिला नाहीं. म्हणून आमचें सांगणें एवढेंच कीं, हेडफोन प्रथम डोक्याला विचारावा, मग कानाला, आणि शेवटीं खिशाला.

घरीं पहिल्या रात्रीं कूलर नाहींसा झाला नाहीं, पण तो आमच्या खिडकींतून उठून पलीकडच्या वाड्यांत गेला. टीव्ही तर परगांवीं गेला. पूर्वींच्या निम्म्या आवाजांत तंबोऱ्याची तार न् तार दिसूं लागली. आम्ही कृतार्थ झालों. हें सुख तीन दिवस टिकलें.

चौथ्या रात्रीं बाबा टीव्ही बंद करून निजण्यापूर्वीं न्हाणीघरांत गेले आणि घसरले. सौभाग्यवती गच्चीवर गाद्या घालीत होत्या. बाबांनीं आम्हांस हाका मारल्या. आम्ही दहा पावलांवर डोळे मिटून भूप ऐकत होतों. सौ. खालीं आल्या तेव्हां बाबा भिंतीला धरून बसले होते. सुदैवानें गुडघा खरचटण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. त्यांनीं आम्हांस बोलहि लाविला नाहीं, एवढेंच विचारलें, “काहून गा, तुलेबी आता ऐकू येत नाही का?” प्रश्न त्यांनीं खरोखरीच काळजीनें विचारला होता. त्यांना ऐकूं येत नाहीं म्हणून वर्षानुवर्षें कुरकुरणारे आम्ही. त्या रात्रीं घरांतला बहिरा कोण होता?

आमचे मेहुणे गडचिरोली जिल्ह्यांत वनखात्याच्या नोकरींत आहेत. त्यांना ही गोष्ट कळल्यावर ते म्हणाले, “भाऊजी, जंगलांत आम्ही डोळ्यांपेक्षां कानावर जास्त विसंबतों. वाघ दिसण्याआधीं वानराचा खाकरा आणि चितळाची हाक येते. कान मिटलेला माणूस तेथें अर्धा आंधळा.” मोहफुलें आणि तेंदूपानें गोळा करावयास पहांटे रानांत जाणाऱ्या माणसांना वाघानें गांठल्याच्या बातम्या ह्या दोन्ही जिल्ह्यांत उन्हाळ्यांत येत असतात. तीं माणसें एकमेकांना हाका देत चालतात तीं उगीच नव्हे. घर म्हणजे जंगल नव्हे हें खरें. पण म्हाताऱ्या माणसाच्या घरांत हाकेची किंमत जंगलापेक्षां फारशी कमी नसते.

हेडफोन परत करण्याचा विचार आला आणि गेला; दोष त्याचा नव्हता. त्याऐवजीं तोडगे काढले. न्हाणीघरांत खालीं बसलेल्या माणसाच्या हाताला येईल असें बटन बसवून घेतलें; तें दाबलें कीं आमच्या समोरचा दिवा लागतो. जुन्या हेडफोनला नव्या गाद्या घातल्या, लांब तार जोडली आणि तो बाबांच्या टीव्हीला लाविला. डॉक्टरांना विचारून आवाजाची हद्दहि ठरविली. कर्णयंत्राला नाक मुरडणाऱ्या बाबांनीं हें यंत्र आनंदानें धारण केलें. कारण कर्णयंत्र लावणारा बहिरा दिसतो आणि हेडफोन लावणारा हौशी. घर एकदम गप्प झालें. ज्या गोंगाटापासून पळण्यासाठीं आम्हीं हजारों रुपये मोजले, त्याचा मोठा वांटा त्या टाकाऊ नगानेंच मिटविला!

ह्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, म्हणजे आतां ह्या घरांत ऐकणारी मी एकटीच उरलें.” हें बोलणें विनोदाचें नव्हतें. दारावरची बेल, कुकरच्या शिट्ट्या, दूधवाल्याची हांक ह्या सर्वांची पहारेकरीण त्या झाल्या होत्या. तेव्हांपासून नियम असा केला आहे कीं, एका वेळीं घरांत दोन माणसांचे कान उघडे असावेत, आणि पाळ्या सर्वांना सारख्या. सौ. आपल्या पाळीला नवाच हेडफोन घेतात, आणि तो परत मिळण्यास पुष्कळदां उशीर होतो.

परवां बाबांनीं नवा हेडफोन मागितला. तरुणपणीं दिवाळीनंतर मंडई भरूं लागल्या कीं, वडशाच्या बाजूला झाडीपट्टीचीं नाटकें पाहण्यासाठीं ते रात्र रात्र धानाच्या बांधींत बसत. आम्हीं तें जुनें नाट्यपद लाविलें. त्यांनीं तें शेवटपर्यंत ऐकलें, वाट्या काढून हातांत फिरविल्या आणि म्हणाले, “आवाज चांगला हाये गा. पन यात लोकं नाहीत.”

आम्ही कांहीं बोललों नाहीं. खर्च केलेल्या पैशांचा आम्हांस पश्चात्ताप नाहीं. कानांतला रातकिडाहि अलीकडे बराच नरमला आहे. परंतु त्या दिवसापासून गाणें ऐकून झालें कीं, आम्ही हेडफोन खुंटीला अडकवितों आणि बाबांच्या खाटेपाशीं थोडा वेळ जाऊन बसतों. त्यांना सारें ऐकूं येत नाहीं, आणि आम्हांस फारसें बोलावयाचें नसतें. कूलर मात्र चालू असतो.