उपोसथ आणि इन्सुलिन

गडहिंग्लज हा ऊसपट्टा. हिरण्यकेशीच्या काठची मुले गुऱ्हाळाच्या वासात वाढतात, आणि म्हणूनच की काय, मधुमेह म्हणजे गोड खाण्याची शिक्षा, असा समज आमच्या वसतिगृहातही घट्ट रुजला होता. आठवीतील एका विद्यार्थ्याला तो जडला तेव्हा सोबत्यांनी प्रथम हेच विचारले, "एवढा गूळ खाल्लास का रे?" वस्तुतः मुलांमध्ये बहुधा आढळणाऱ्या या प्रकारात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते. त्यात गुळाचा दोष नाही, मुलाचाही नाही. १९२२ साली टोरांटो येथे एका मुलाला प्रथम इन्सुलिन टोचले गेले. त्यापूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत.

खरा पेच पौर्णिमेला उभा राहिला. त्या दिवशी आमच्याकडे मोठी मुले अष्टशील ग्रहण करतात आणि मध्यान्हानंतर जेवत नाहीत. त्यालाही उपोसथ पाळायचा होता. इन्सुलिन टोचून अन्न पोटात गेले नाही, तर रक्तातील साखर झपाट्याने उतरते. घाम, कंप, भ्रम आणि अखेर शुद्ध हरपणे. आम्ही नकार दिला. आपण संघाबाहेर पडलो, असे त्याच्या मनाने घेतले. त्या दुःखावर डॉक्टरांकडे औषध नव्हते.

ते विनयपिटकात मिळाले. महावग्गात आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित ही पाच औषधे अवेळीही घेण्याची अनुज्ञा आहे. फाणित म्हणजे उसाच्या रसाचा पाक, आपली काकवीच म्हणा ना! रात्रीचे जेवण या सवलतीत बसत नाही, हे आम्ही त्याला स्पष्ट सांगितले. म्हणून विकालभोजनाचे सहावे शील वगळून उरलेली सात त्याने सर्वांसमवेत ग्रहण केली.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता, हे पुष्कळ मुलांना ठाऊक नसते. राज्यघटनेच्या मसुद्याचे काम चालू असताना ते पायांच्या असह्य वेदनांनी बेजार होते. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला तो डॉ. शारदा कबीर यांच्याशी. पुढे माईसाहेबांनी त्यांच्या पथ्यपाण्याचा भार वाहिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंना धम्मदीक्षा देणारा देह हाच होता.

आता तो मुलगा भोजनगृहातच, सर्वांदेखत, सुई टोचून घेतो. काकवीची बाटली कार्यालयाच्या कपाटात असते आणि कपाटाला कुलूप नसते. साखर उतरल्यास तीन-चार चमचे द्यायचे. शुद्ध हरपली असल्यास मात्र तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठायचा, हे त्याच्या खोलीतील सर्व मुलांना पाठ आहे.