पत्त्याचा पुरावा

बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षे बसलेल्या माणसाला एक असाध्य रोग जडतो. समोर कोणीही उभे राहिले की तोंडातून आपोआप निघते, "पत्त्याचा पुरावा आणलाय?" घरी पाहुणा आला तरी मी मनातल्या मनात त्याच्याकडे दोन झेरॉक्स मागतो. बी. कॉम. झालो तेव्हा वाटले होते, आपण देशाची अर्थव्यवस्था सांभाळणार. प्रत्यक्षात मी लोकांची लाइट बिले सांभाळतो.

तर ही २०२३ मधली गोष्ट. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाई एका रविवारी पदराला हात पुसत माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"दादा, म्हाडाची घरं निघालीत म्हणे. आपल्या गोरेगावातच. फारम भरून द्याल का?"

"त्यात काय एवढं!" मी म्हणालो. माणसाचे सहा रविवार खाणारे वाक्य नेहमी असे तीन शब्दांचेच असते.

संगणक उघडला. त्या वर्षापासून नवी पद्धत आली होती : आधी सोडत आणि मग कागदपत्रे, हा जुना क्रम उलटा झाला होता. आधार, पॅन, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, शिवाय नवरा-बायको दोघांचेही कागद. सगळे आधी चढवायचे. पात्र ठराल तरच तुमचे नाव सोडतीत. आधारला मोबाइल जोडलेला हवा. बाईंचा जोडलेला होता, पण तो नंबर दोन वर्षांपूर्वी बंद पडलेला! सरकार बिचारे त्या मेलेल्या नंबरावर इमानदारीने ओटीपी पाठवत होते.

अधिवासाच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात पंधरा वर्षे राहिल्याचा पुरावा हवा. बाई जन्मल्या सातारा जिल्ह्यात, सतरा वर्षे मुंबईत. पण रेशनकार्ड गावी सासूच्या ट्रंकेत. लाइट बिल खोलीमालकाच्या नावावर. भाड्याचा करार करून द्या म्हटले, तर मालक घाबरला : "कागद केला तर उद्या खोली तुझीच म्हणशील!" आणि शाळेच्या दाखल्यावर नाव माहेरचे.

म्हणजे पाहा, ज्याला घर नाही त्याच्यासाठी घरे काढायची आणि त्याच्याकडे आधी घराचा पत्ता मागायचा! मी सरकारवर भयंकर चिडलो. मग आठवले की दहा ते पाच हेच पवित्र कार्य मीही करतो, तेव्हा थोडा कमी चिडलो.

शेवटी उपयोगी पडले ते जुने मतदार ओळखपत्र. राहायला हक्काची जागा नव्हती, पण मत द्यायला होती!

उत्पन्नाची अट सोपी होती. मुंबईत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सहा लाखांपर्यंत असेल तर 'अत्यल्प' गट. बाई पाच घरची कामे करून सोळा हजार मिळवतात, नवरा मार्केटात हमाली करून सतरा. पण पगाराची पावती कोण देणार? मी म्हटले, निदान आपल्या घरची तरी देऊ. पांढऱ्या कागदावर झोकात लिहायला बसलो : 'दाखला देण्यात येतो की, सदर बाई आमच्याकडे दरमहा रुपये...' आणि पेन थांबले. आत विचारले, "अगं, बाईंचा पगार कधी वाढवला होता आपण?"

स्वयंपाकघरात शांतता. मग ही म्हणाली, "लॉकडाऊनच्या आधी."

बँकेत आमचा महागाई भत्ता दर तीन महिन्यांनी बदलतो. चार पैसे कमी वाढला तर मी युनियनच्या सेक्रेटरीला जेवू देत नाही. त्या दाखल्यावर शेवटी मी वाढलेला आकडा लिहिला आणि त्याच महिन्यापासून तो खरा केला. खोटा दाखला द्यायचा नाही, असा नियमच आहे.

मग कर्जाची चौकशी. घराची किंमत सुमारे तीस लाख. दहा टक्के आपले, उरलेले सत्तावीस लाख वीस वर्षांत फेडायचे तर हप्ता तेवीस-चोवीस हजार. कॉमर्सचे सगळे शिक्षण पणाला लावूनही तेहतीस हजारांतून तेवीस गेले की दहाच उरतात. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "आठ हजार भाडं वाचंल की! आन् अजून दोन घरं धरीन." कर्ज विभागातल्या आमच्या मित्राने कागद उलटसुलट पाहिले. म्हणाला, "माणसं चोख दिसतात रे, पण पगार रोखीत. कागदावर ती दिसतच नाहीत." मी तावातावाने भांडलो. वीस वर्षांत प्रथमच काउंटरच्या पलीकडून बोलत होतो. आवाज जरा वेगळाच लागला.

"आधी लागू दे," तो म्हणाला, "मग बघू."

भिशी उचलून बाईंनी अनामत भरली. १४ ऑगस्ट २०२३ ला सोडत झाली. घरे ४,०८२, अर्ज सुमारे १ लाख २० हजार. म्हणजे एका घरामागे एकोणतीस जण. मी काउंटरखाली मोबाइल धरून बसलो होतो. बाईंचे नाव नव्हते.

संध्याकाळी त्यांना कसे सांगावे, याची मी रिक्षात तालीम करत आलो. त्यांनी ऐकले, क्षणभर नळाकडे पाहिले आणि उरलेली भांडी घासून टाकली. जाताना म्हणाल्या, "घर नाही तर नाही. कागद तर झालं ना, दादा?" मी मान हलवली. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

२०२४ ची सोडत निघाली तेव्हा बाई रविवारी हजर. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद आणि मागे त्यांच्या चाळीतल्या चार जणी. मी चष्मा पुसत पुढे सरसावलो, तर बाई आमच्या डायनिंग टेबलाशी बसल्या आणि पहिलीला म्हणाल्या, "रेशनकार्ड गावाला ठिवलंय? मागवून घे. मोबाइल आधारला जोडलाय का? आन् उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा चालत न्हाई, नवा काढ."

मी नुसता उभा होतो. बाईंनी वर पाहिले.

"दादा, तुम्ही फक्त टायपिंग करा. आन् वहिनींना सांगा, पाच कप चहा."

आमची ही आतून म्हणाली, "सहा! त्या टायपिस्टलाही लागेल."