ओला रंग आणि दुसरी नजर

श्रावणात पोंभुर्ण्याला ऑईल कलर वाळता वाळत नाही. जवसाच्या तेलातला रंग हवेतला प्राणवायू घेत घट्ट होतो आणि दमट हवेत त्याला वेळ लागतो. मला ते सोयीचं पडतं. रोलरनं थर द्यायचा, ओल्या रंगावर कागदाचा फाडलेला तुकडा दाबायचा आणि अलगद उचलायचा. त्याच्या कडेनं खालचा रंग उजळून येतो. ही वाट चित्रकार वासुदेव गायतोंडेंनी दाखवलेली.

मूलचा माझा चित्रकार मित्र आला, की कॅनव्हासपुढे बराच वेळ गप्प बसतो. मग एका कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "आता याले हात नको लावू गा." तेवढ्यासाठी मी त्याची वाट पाहतो. अमूर्त चित्रात झाड नाही, चेहरा नाही. कुठं थांबायचं हे सांगायला दुसऱ्या चित्रकाराची नजरच लागते.

नागपुरात १९२४ साली जन्मलेल्या वासुदेव गायतोंडेंना अशी नजर एका अमेरिकन माणसाची मिळाली. मॉरिस ग्रेव्हज हा पक्षी रंगवणारा चित्रकार. दोघांनाही झेनची ओढ. १९६३ मध्ये भारतात गायतोंडेंची चित्रं पाहून त्यानं न्यूयॉर्कच्या विलार्ड गॅलरीला त्यांच्याविषयी भारावून पत्र लिहिलं. चित्रात एकही पक्षी नसताना पक्षी रंगवणाऱ्यानं त्या चित्रांचं मोल ओळखावं, याचं मला फार अप्रूप आहे. पुढच्याच वर्षी गायतोंडे रॉकफेलर फंडाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, चित्रकार मार्क रॉथकोच्या स्टुडिओतही जाऊन आले.

रॉथको स्वतः १९५९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर चित्रकार पीटर लॅनियनकडे गेला होता. त्या मैत्रीनंतरही लॅनियनच्या चित्रांतला किनारा आणि वारा स्वतःचाच राहिला. लॅनियन ग्लायडरमधून उडून तिथलं आकाश अंगावर घेत असे. मैत्रीनं हात बदलत नाही, धीर वाढतो.

गायतोंडेंच्या बाबतीत मात्र आपण हे विसरतो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधलं त्यांचं 'पेंटिंग, ४' हे १९६२ चं, म्हणजे न्यूयॉर्कच्या प्रवासाआधीचं. रॉथको पातळ रंग ब्रशनं कापडात मुरवायचा. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफनं थर चढवायचे, खरवडायचे. दोघांची चित्रं जवळून पाहिली, की हात वेगळे दिसतात. गायतोंडेंना 'भारतीय रॉथको' म्हणणं आता थांबवायला हवं.