डावं-उजवं



मागच्या वेळी सांडग्यांबद्दल लिहिलं आणि आज एकदम फुटबॉल! पण कोल्हापुरात माहेर किंवा सासर असलेल्या बायकांना हा विषय परका नाही. थंडी पडली की इथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस ही नावं तोंडातोंडी होतात, ती उन्हाळ्यापर्यंत. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की दुपारचा चहा लवकर उरकायचा, हे मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच वर्षी शिकले. आमच्या घरची तालीम कोणती ते मात्र सांगणार नाही. निम्म्या वाचक रुसतील.

इतकी वर्षं माझा फुटबॉलशी संबंध त्या चहापुरताच. मैदानाची पायरी मी चढले ती गेल्या जानेवारीत, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. ‘बसायला चांगली जागा कुठली’ एवढ्या एका प्रश्नापायी.

त्याआधी दीड वर्ष, श्रावणात, अण्णांना मेंदूचा झटका आला. (आमच्या ह्यांना सगळं घर अण्णा म्हणतं, मुलं झाल्यापासून मीही.) हात-पाय वाचले, बोलणं वाचलं. आठवड्यात घरी आले. आम्ही देवाचे आभार मानले आणि वाटलं, सुटलो.

मग माझ्या लक्षात आलं की पानातली डावी बाजू तशीच राहतेय. उजवीकडची भाजी, आमटी संपायची. डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड जिथल्या तिथे. ज्या माणसाला शेंगदाण्याच्या चटणीशिवाय भाकरी उतरत नव्हती, तो चटणीकडे बघेना. मला वाटलं तोंडाची चव गेली. दोन दिवस तर वाटलं, माझ्यावर रागावलेत. मग एकदा पेपर वाचताना ‘कोल्हापूर’मधलं नुसतं ‘पूर’ वाचून विचारायला लागले, “कुठं आलाय पूर?”

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळे दोन्ही चांगले आहेत. मेंदूच्या उजव्या भागाला मार बसलाय, म्हणून दोन्ही डोळ्यांचं डावीकडचं निम्मं दिसणं गेलंय. माणसाला काळोख दिसत नाही, डावीकडे काही नाहीच असं वाटतं. म्हणून मान डावीकडे वळवून बघायची सवय लावायची आणि जेवताना मधेच ताट फिरवून घ्यायचं. ताट अर्धं फिरवलं की डावी बाजू उजवीकडे येते. मी ताट फिरवायला लागले. चटणी संपायला लागली, पण फिरवणारी मीच. ते स्वतः कधी हात लावायचे नाहीत.

त्या वर्षी फुटबॉल सुरू झाल्यावर मित्र न्यायला आले. अण्णांची जागा तीस वर्षांची ठरलेली. मध्यरेषेसमोर, वरून चौथी-पाचवी पायरी, तेच पाच-सहा जण. गेले आणि मध्यंतरातच परत आले. “मजा राहिली नाही आता खेळात,” म्हणाले. नंतर बूट कधी काढले नाहीत. आम्हीही धरून बसलो की मजा राहिली नाही.

खरं कारण नातवाला वर्षभराने कळलं. तो नववीत आहे, शाळेच्या संघात खेळतो, आजोबा त्याच्याशी मोकळं बोलतात. त्या दिवशी डावीकडच्या गोलात गोल झाला आणि अण्णांना तो आरडाओरड्यावरून कळला. शेजारचा मित्र थट्टेत म्हणाला, “झोपला हुतास व्हय रं?” अण्णांनी “हो, लागला डोळा जरा” असं सांगितलं. निम्मं दिसत नाही हे त्यांनी मित्रांपैकी एकालाही सांगितलेलं नव्हतं.

ऐकून मला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी नातवाला म्हटलं, “तुझा आलेखाचा कागद आण.”

मी बी.कॉम. आहे, भूमितीशी माझं फार सख्य नव्हतं. पण कागदावर मांडलेला हिशेब मला कळतो. आंतरराष्ट्रीय सामन्यांना मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. आम्ही तेच माप धरलं. एका सेंटिमीटरला दहा मीटर. साडेदहा सेंटिमीटर लांबीचा आयत काढला, बाजूरेषेपासून वीस मीटर मागे अण्णांची मधली जागा मांडली आणि कोनमापक ठेवला.

तिथून मैदानाच्या जवळच्या दोन कोपऱ्यांपर्यंत जवळजवळ १३८ अंश झाले. म्हणजे ६९ डावीकडे, ६९ उजवीकडे. अख्खं गाव ज्या जागेसाठी धडपडतं त्या जागेवर बसून माझा नवरा निम्मा सामना घालवत होता.

मग तीच जागा सरळ डाव्या टोकाला सरकवली, कोपऱ्यातल्या झेंड्यासमोर. आता डावीकडे खेळच नाही. सगळं मैदान समोरून उजवीकडे, ऐंशीएक अंशांत. नातू ओरडला, “आजी, डावी बाजूच गेली!” मी म्हटलं, “तीच घालवायची होती.”

फुकट काहीच मिळत नाही. मधल्या जागेवरून दोन्ही गोल सारखे, पंचाहत्तरेक मीटरवर. टोकावरून जवळचा गोल ५४ मीटरवर आला आणि लांबचा ११८ वर गेला. नातू म्हणाला, तिथून पलीकडच्या गोलात कुणी मारला ते ओळखू येणार नाही. पण गोल झाला हे तर दिसेल?

कागद घेऊन अण्णांकडे गेले. त्यांनी बघितलासुद्धा नाही. “कोपऱ्यात कोण बसतं? जागा मिळाली नाही ते बसतात. तीस वर्षं मधे बसलोय मी.”

मी त्यांना दुकानाची आठवण दिली. मी कॉलेजात नावे डावीकडे आणि जमा उजवीकडे लिहायला शिकले. लग्न होऊन आले तर मामंजींच्या चोपडीत जमा डावीकडे, नावे उजवीकडे. मी घाबरून म्हटलं होतं, हे उलटं आहे. तेव्हा अण्णाच म्हणाले होते, “उलटं काही नाही. शिल्लक तीच येते.” लहानपणी पाठशाळेत आपण नय शिकलो, की एका बाजूने पाहिलेलं खरं असतं पण पुरं नसतं. मला तो अर्थ त्या चोपडीत कळला होता. तेच मी त्यांना म्हटलं. “मधली जागा चांगली, पण कुणासाठी? दोन्हीकडचं दिसणाऱ्यासाठी. तुमच्यासाठी चांगली कुठली ते आपण शोधलंय.”

बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आणि दोस्तांना काय सांगू?”

“खरं सांगा.”

त्यावर काही बोलले नाहीत. पण “सामना कितीला?” असं नातवाला विचारलं.

दोन दिवस आधी मी आणि नातू चारच्या सुमारास स्टेडियमवर जाऊन आलो. लग्नाचं कार्यालय ठरवताना आपण पंगत कुठे बसेल, नळ कुठे, म्हातारी माणसं कुठून चढतील हे बघतो ना, तसंच. तुमच्या कुणावर अशी वेळ आली तर उपयोग होईल म्हणून सांगते.

पहिलं ऊन. दुपारचा सामना म्हणजे मावळतीचं ऊन समोरून येतं की पाठीवर, ते त्याच वेळी जाऊन बघावं. मैदान शक्यतो दक्षिणोत्तर आखतात, गोलरक्षकाच्या डोळ्यांवर मावळता सूर्य येऊ नये म्हणून. तशा मैदानात पश्चिमेच्या गॅलरीत ऊन पाठीशी असतं. मोतीबिंदू झालेल्यांनी हे आधी बघावं.

दुसरं उंची. रांगोळीचे ठिपके काढताना खाली बसावं लागतं, रांगोळी बघताना उभं राहावं लागतं. खालच्या पायरीवर चेंडूचा आवाज येतो, खेळाडूंचा घाम दिसतो, पण एकामागे एक माणसं झाकली जातात. वरून मोकळी जागा कुठे आहे आणि चेंडू कुठे जाणार हे कळतं. शिवाय मागे आणि वर बसलं की मानही कमी वळवावी लागते. मात्र प्रत्येक पायरीला गुडघ्याचा हिशेब आहे. आम्ही मधली उंची धरली.

तिसरं कठडा. चढताना कठडा उजव्या हाताला असला की आपण निश्चिंत होतो. पण उतरताना तोच डावीकडे जातो! हे मला तिथे उभी राहिल्यावर सुचलं. उतरताना अण्णांच्या डावीकडून मी चालायचं ठरलं. बसतानाही मी डावीकडे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का मला लागेल.

चौथं आपलं जेवण. ४५ मिनिटांचे दोन भाग आणि मधे पंधरा मिनिटं. चारचा सामना संपायला पावणेसहा-सहा होतात. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. गर्दीतून घरी पोचेपर्यंत जेवणाची वेळ टळणार. म्हणून डबा मध्यंतरात. दशम्या, कोरडी भाजी, चटणी, गाळून उकळलेलं पाणी.

ज्यांची मुलं पुण्या-मुंबईला आहेत त्यांच्यासाठी एक सांगते. तिथे जागा मोबाइलवर नकाशा बघून घेतात. नकाशात जवळ दिसतं ते जवळ असेलच असं नाही. बालेवाडीला मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे, त्यामुळे गोलामागच्या खुर्च्या आणखी लांब जातात. नेरूळचं डी. वाय. पाटील मुळात क्रिकेटचं, गोल मैदानात चौकोनी फुटबॉल बसवलेला. आणि नकाशातलं डावं-उजवं तिथे बसल्यावर उलटं होऊ शकतं, तेव्हा कागद फिरवून बघा.

सामन्याच्या दिवशी तासभर आधी गेलो. आमच्या गॅलरीत बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पहिली दहा मिनिटं मी पदर सावरण्यातच घालवली. अण्णा मधल्या पायऱ्यांकडे बघत होते. दोस्त आलेले दिसत होते. एकाने हातही केला.

सामना सुरू झाला आणि अण्णा माझ्याशी बोलायचे थांबले. मला खेळातलं कळत नाही, मी त्यांच्याकडेच बघत होते. चेंडू उजवीकडे गेला की मान थोडी उजवीकडे, डावीकडे आला की समोर. पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास आमच्या समोरच्या गोलात गोल झाला. आमच्या विरुद्ध. आणि गॅलरी ओरडायच्या आत अण्णा ओरडले, “ऑफसाइड! ऑफसाइड हाय ही!” पंचांनी काही दिला नाही. पण त्यांच्याआधी त्यांना दिसलं होतं. ते रागाने थरथरत होते आणि मला बरं वाटत होतं. पुढे बसलेल्या मुलाने मागे वळून त्यांच्याशी वाद घातला. पाच मिनिटं दोघं भांडत होते. दीड वर्षात अण्णा परक्या माणसाशी इतकं बोलले नव्हते.

मध्यंतरात हात करणारा तो मित्र शोधत आमच्यापर्यंत आला. “हिकडं कशाला बसलायस एकटा?” मी डब्याचं झाकण काढण्यात गुंतल्यासारखं केलं. अण्णा थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, “मला डावीकडचं दिसत न्हाई. झटका आल्यापासनं.” मित्र काहीच बोलला नाही. अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला आणि मग, “आधी सांगायचं न्हाईस?” एवढं म्हणून गेला.

मला वाटलं होतं, तो दोस्तांना घेऊन आमच्याकडे येईल. सिनेमात तसं होतं. तसं काही झालं नाही. ते मधेच बसले, तीस वर्षांची जागा कोण सोडतं? पण पुढच्या सामन्यापासून मध्यंतरात एक-दोघं येतात आणि पहिल्या भागावर भांडून जातात. दर वेळी अण्णांच्या उजव्या हाताला बसतात. ते त्यांना कुणी सांगितलं, मी विचारलं नाही.

त्या दिवशी आमची तालीम हरली. येताना अण्णा ऑफसाइडवरून पंचांना बोल लावत होते. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी मध्यंतरातल्या डब्याचाच विचार करत होते.

मित्र गेल्यावर मी डबा त्यांच्या मांडीवर दिला होता. चटणी सवयीने डाव्या कोपऱ्यात भरली होती. दशमी आणि उजवीकडची भाजी खाऊन झाली. मी डबा फिरवायला हात पुढे करणार, तेवढ्यात त्यांनी स्वतः तो अर्धा फिरवला, चटणी बघितली आणि म्हणाले,

“थोडी जास्त आणायची होतीस.”