देवगिरीच्या तटांआड नांदलेली बाजारपेठ

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या वाटेने सुमारे १५ किलोमीटर गेले की सपाट माळावर एकच शंकूच्या आकाराचा डोंगर उभा दिसतो. भोवताली त्याच्याशी बरोबरी करणारे दुसरे काही नसल्याने तो आहे त्याहून उंच वाटतो. हाच दौलताबादचा किल्ला, यादवांची देवगिरी. सहलीला निघालेल्या बहुतेक कुटुंबांच्या दिनक्रमात या किल्ल्याच्या वाट्याला तासाभराहून अधिक वेळ येत नाही. वेरूळची जैन लेणी गाठायची असतात, सूर्यास्तापूर्वी भोजन उरकायचे असते. त्यामुळे चाँद मिनार आणि तोफ पाहून, दोन-चार छायाचित्रे घेऊन मंडळी पुढे निघतात. आपण जिच्यातून चाललो ती नुसती लष्करी ठाण्याची जागा नव्हती, तेथे जैन श्रेष्ठींच्या पेढ्या, घरे आणि जिनालये होती, याची जाणीव मात्र क्वचितच कोणाला होते.

युरोपच्या प्रवासाला गेलेली हीच कुटुंबे फ्रान्समधील कार्कासोनसारख्या तटबंद नगरीचा दुहेरी तट कौतुकाने पाहतात, तेथील प्रत्येक बुरुजाचा इतिहास ऐकून घेतात. देवगिरीची रचना त्याहून कमी गुंतागुंतीची नाही. फरक इतकाच, की येथे दगड वाचून दाखवणारा कोणी सहसा बरोबर नसतो.

तीन कोट आणि एक डोंगर

देवगिरीची रचना बाहेरून आत समजून घ्यावी. सर्वांत बाहेरचा तट म्हणजे अंबरकोट. त्याच्या आत सामान्य रयतेची वस्ती होती. त्याच्या आतला महाकोट. तेथे सरदार आणि प्रतिष्ठित लोक राहत. त्याही आत काळाकोट, म्हणजे दुहेरी तटाने वेढलेला राजवाड्यांचा भाग. या सर्वांच्या वर डोंगरमाथ्याचा बालेकिल्ला. डोंगराची उंची सुमारे २०० मीटर असून त्याची खालची अंगे सुमारे ५० मीटर उंचीपर्यंत छिन्नीने तासून भिंतीसारखी सरळ केलेली आहेत. पायथ्याशी खडकातच खोदलेला खंदक आहे. माणसाला बोट रोवायलाही जागा मिळू नये, अशी ही योजना होती.

खंदक ओलांडून पुढे गेले की ‘अंधारी’ लागते. हा खडकातून वळणे घेत वर चढणारा बोगदा आहे. त्यात दिवसाही हाताला हात दिसत नाही. वळणे अशी, की शत्रूला दिशेचा अंदाजच येऊ नये. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण टाकून त्यावर जाळ पेटवण्याची आणि धूर आत कोंडण्याची सोय होती. आज तेथे वटवाघळांचा वास येतो. लहान मुले आधी घाबरतात आणि मग पुन्हा एकदा जायचे म्हणून हट्ट धरतात.

हे सारे बांधकाम एका राजाचे किंवा एका शतकाचे नाही. इ.स. ११८७ च्या सुमारास पाचव्या भिल्लम यादवाने स्वतंत्र राज्याची घोषणा करून देवगिरीला राजधानी केले. नंतर खलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल आणि हैदराबादचे निजाम अशा सत्ता येथे येऊन गेल्या. प्रत्येकाने तटात काही भर घातली, काही मोडतोड केली. प्रवेशमार्गाजवळचा चाँद मिनार बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन याच्या काळातील, इ.स. १४४५ चा आहे. निळ्या-पांढऱ्या फरशांचा चिनी महाल हा पुढे तुरुंग झाला. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याने १६८७ नंतरचे आयुष्य येथेच बंदिवासात काढले. वरच्या वाटेवरची बारादरी ही शाहजहानच्या काळातील आहे. बुरुजावर मेंढ्याच्या तोंडाची तोफ आहे. तिला ‘किल्ला शिकन’, म्हणजे किल्ला फोडणारी, असेही म्हणतात.

मराठी माणसाच्या मनात देवगिरी आणखी दोन कारणांनी घर करून आहे. जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव यांचा त्यांच्या पुत्रांसह १६२९ मध्ये याच ठिकाणी निजामशाहाच्या दरबारात दगा करून वध झाला. त्यापूर्वी सोळाव्या शतकात जनार्दनस्वामी येथे किल्लेदार होते आणि पैठणचे एकनाथ बालवयात त्यांच्याकडे गुरूच्या शोधात आले. नाथांना हिशेबातील एक पैची चूक रात्र जागून सापडली आणि त्यांचा आनंद पाहून गुरूंनी त्यांना तीच एकाग्रता परमार्थाकडे वळवण्यास सांगितले, ही कथा महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. खतावणी ठेवणाऱ्या घरांना ती विशेष जवळची वाटते.

मिठाच्या गोणी

इ.स. १२९६ मध्ये कडा प्रांताचा सुभेदार अलाउद्दीन खलजी काही हजार स्वारांनिशी अचानक देवगिरीवर चालून आला. राजा रामचंद्रदेव गाफील होता, त्याची मुख्य फौज युवराजाबरोबर बाहेर होती. राजा गडावर जाऊन बसला आणि खाली शहर लुटले गेले. सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिणाऱ्या फिरिश्ता या इतिहासकाराने या वेढ्याची एक हकिकत दिली आहे. कोकणातून आलेले व्यापारी मिठाच्या गोणी शहरात टाकून पळाले होते. घाईगडबडीत त्या गोणी धान्याच्या समजून गडावर चढवण्यात आल्या. पुढे युवराज परत येऊन लढला, पण पराभूत झाला. मग गडावर गोणी उघडल्या तेव्हा आत मीठ निघाले. लढण्याची उमेद तेथेच संपली आणि जबर खंडणी देऊन तह करावा लागला.

ही घटना घडली तेव्हापासून फिरिश्ताच्या लेखणीपर्यंत तीन शतकांचे अंतर आहे, म्हणून तिचा प्रत्येक तपशील अक्षरशः खरा मानण्याचे कारण नाही. तरीही ती लोकांच्या लक्षात राहिली, यात नवल नाही. दक्षिणेतील अजिंक्य मानला गेलेला गड एखाद्या तोफेने नव्हे, तर कोठारात आलेला माल न तपासल्याने हरला, ही गोष्ट ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गोणी उघडून माल पाहण्याची शिस्त आहे त्यांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पेथड, सहजपाल आणि एक फर्मान

यादवकाळात देवगिरी ही दक्षिणेतील मोठी बाजारपेठ होती. गुजरात-माळव्यातील जैन श्रेष्ठींचे येथे जाणे-येणे असे. माळव्यातील मांडवगडचे मंत्री पेथड यांच्याविषयी ‘सुकृतसागर’ या जैन चरित्रग्रंथात एक सुंदर कथा येते. पेथडशाहांना देवगिरीत जिनमंदिर बांधायचे होते. पण नगरात अनुकूलता नव्हती आणि जागा मिळेना. रामचंद्रदेवाचा मंत्री हेमाद्री, म्हणजे ज्याच्या नावाने महाराष्ट्रात दगडी मंदिरांना ‘हेमाडपंती’ म्हणतात तोच, राजाजवळ वजन राखून होता. पेथडांनी त्याला नजराणा पाठवला नाही. त्यांनी ओंकारपुरात हेमाद्रीच्या नावाने अन्नसत्र उघडले आणि ते वर्षानुवर्षे चालवले. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडून आपल्या दातृत्वाची स्तुती हेमाद्रीच्या कानी आली. आपण न केलेल्या दानाचा हा कर्ता कोण, याचा त्याने शोध घेतला आणि सत्य कळल्यावर प्रसन्न होऊन राजाकडून मंदिरासाठी जागा मिळवून दिली. पुण्य स्वतः करून कीर्ती दुसऱ्याच्या नावावर जमा करण्याची ही रीत देवगिरीच्या तटांहूनही भक्कम ठरली.

दुसरे नाव सहजपालाचे. गुजरातमधील पाटणचे श्रेष्ठी देशल यांना तीन पुत्र होते. थोरला सहजपाल व्यापारासाठी देवगिरीत स्थायिक झाला, मधला साहण खंभातला आणि धाकटा समर पाटणला राहिला. एक शाखा दख्खनेत, एक बंदरावर, एक मूळ गावी, ही मांडणी आजच्या कोणत्याही व्यापारी कुटुंबाला ओळखीची वाटेल. सहजपालाने देवगिरीत पार्श्वनाथाचे मंदिर उभारले. १३१३ मध्ये शत्रुंजयावरील मंदिराचा विध्वंस झाला, तेव्हा समरशाहांनी त्याच्या जीर्णोद्धाराचा भार उचलला आणि वि.सं. १३७१ मध्ये, म्हणजे इ.स. १३१५ मध्ये, पुन्हा प्रतिष्ठा झाली. त्या मंगल प्रसंगी देवगिरीहून सहजपाल आणि खंभातहून साहण आले, असे त्या काळच्या प्रबंधात वर्णन आहे. देवगिरीचे स्वातंत्र्य तोवर संपत आले होते, तरी पेढी आणि कुटुंबाचा धागा तुटला नव्हता.

१३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीस आणून तिचे नाव दौलताबाद ठेवले. त्या धामधुमीत ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथाचे कर्ते आचार्य जिनप्रभसूरी यांनी सुलतानाची भेट घेतली होती आणि त्याच्याकडून जिनमंदिरांच्या रक्षणाची फर्माने मिळवली होती. पुढे ते दौलताबादला आले आणि तेथे राहिले. पेथडशाह आणि सहजपाल यांच्यासारख्या श्रावकांनी बांधलेली चैत्ये पाडली जाण्याच्या बेतात असता आचार्यांनी ते फर्मान दाखवून ती वाचवली, असे त्या ग्रंथातील पुरवणी सांगते. हाती शस्त्र नसलेल्या एका साधूने एका कागदाच्या बळावर जे राखले, ते त्या काळापुरते तरी तटबंदीला राखता आले नव्हते.

इ.स. १३४२ च्या सुमारास आलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता लिहितो, की या शहरातले व्यापारी मुख्यतः रत्नांचा व्यवहार करतात, त्यांची संपत्ती अफाट आहे आणि त्यांना ‘साह’ म्हणतात. आज अनेक घरांच्या पाटीवर असलेल्या ‘शाह’ या आडनावाशी या शब्दाचे नाते लगेच ध्यानात येते. त्याने येथील द्राक्षे आणि डाळिंबांचीही स्तुती केली आहे. गडावरच्या अंधारकोठडीतील मांजराहून मोठ्या उंदरांची गोष्टही तोच सांगतो.

काय उरले

पेथडशाहांचे किंवा सहजपालांचे मंदिर आज दौलताबादेत दाखवता येत नाही. महाकोटाच्या भागात खांबांनी भरलेले एक विस्तीर्ण प्रांगण आहे. १३१८ मध्ये जुन्या मंदिरांचे स्तंभ वापरून तेथे मशीद उभारण्यात आली आणि सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर तेथे भारतमातेची मूर्ती स्थापन झाली. त्या खांबांवरील कोरीव काम सावकाश पाहण्यासारखे आहे. तटाच्या चिऱ्यांतही जुन्या देवळांचे शिल्पखंड बसवलेले दिसतात आणि त्यांत ध्यानस्थ जिनमूर्तीही आहेत. त्या शोधायला घाई उपयोगी नाही. त्यांच्याजवळच प्रेमिकांची नावे कोरलेली दिसतात, तेव्हा खलजी किंवा तुघलकांनाच दोष देत राहणे पुरेसे नाही, हेही ध्यानात येते.

शेजारीच हत्तीहौद आहे. एका बाजूस सुमारे ४७ मीटर लांबीचा आणि साडेसहा मीटरांहून अधिक खोल असा हा जलाशय माळावरच्या कोरड्या शहराची तहान भागवत असे. थोड्या अंतरावर सरस्वती बारव आहे. राजे बदलले, तरी पाण्याची ही व्यवस्था प्रत्येकाने जपली.

दौलताबाद ते खुलदाबाद या वाटेवर कागजीपुरा हे गाव आहे. तुघलकाच्या काळापासून तेथे हातकागद बनतो, अशी परंपरा सांगतात. ‘दौलताबादी कागद’ जुन्या दप्तरांत आणि पोथ्यांत नावाजलेला होता. ग्रंथभांडारे जपणाऱ्या समाजाने तेथे थांबून कागद तयार होताना मुलांना अवश्य दाखवावा.

आणि मग वेरूळ. तेथील ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी यादवांपूर्वीची आहेत, पण त्यांच्या वरच्या अंगाला डोंगरावर पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे. तिच्यावरील लेख शके ११५६ चा, म्हणजे इ.स. १२३४-३५ चा आहे. चक्रेश्वर नावाच्या दात्याने या चारणाद्री पर्वतावर जिनमूर्ती घडवल्या, असे तो लेख सांगतो. तेव्हा देवगिरीवर सिंघण यादव राज्य करीत होता. राजधानीतील मंदिरे नाहीशी झाली, पण पंधरा किलोमीटरवरील डोंगरात खोदलेले दान जागेवर आहे.

म्हणून दौलताबादसाठी एक अख्खी सकाळ राखून ठेवावी. उन्हे चढण्यापूर्वी गड चढावा, घरून उकळून आणलेले पाणी आणि विजेरी जवळ असावी. ज्येष्ठांना वर जाणे झेपले नाही, तरी महाकोटापर्यंतचा सपाट भाग त्यांना सहज पाहता येतो आणि व्यापारी नगरीची खरी ओळख तेथेच होते. दुपारी वेरूळ, आणि सूर्यास्तापूर्वी भोजन. वाटेत मुलांनी विचारलेच, की आपले लोक इथे कधी होते, तर सांगण्यासारखी नावे पुष्कळ आहेत.