उतरण्याचा परवाना

या शहराच्या नावाचा फ्रेंच उच्चार मार्सेय असा आहे. मराठी माणसाच्या तोंडी मात्र ते मार्सेलिस म्हणूनच रुळले आहे, आणि त्याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. ८ जुलै १९१० रोजी सकाळी 'मोरिया' या जहाजाच्या शौचकूपाच्या गवाक्षातून विनायक दामोदर सावरकरांनी येथील बंदरात उडी घेतली. आमच्या शालेय वयात ही हकीकत अथांग सागराच्या पार्श्वभूमीवर सांगितली जात असे. प्रत्यक्षात जहाज धक्क्याजवळच उभे होते आणि पोहायचे अंतर थोडके होते. अवघड भाग त्यानंतरचा होता. फ्रान्सच्या भूमीला पाय लागले की ब्रिटिशांचा हात आपल्यापर्यंत पोहोचणार नाही, असा तो हिशेब होता. फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडले आणि पाठलाग करणाऱ्यांच्या हवाली केले. फ्रान्सने पुढे कैदी परत मागितला, प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला: कैद्याला पकडून सोपविण्यात अनियमितता झाली हे खरे, पण म्हणून त्याला परत करण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही.

सावरकरांच्या राजकारणाविषयी वाचकाचे मत काहीही असो, हा निकाल वाचताना एक प्रश्न मनात राहतोच. मनुष्य जहाजातून उतरला, असे नेमके केव्हा म्हणायचे?

आमच्या वाट्याला मार्सेलिस आले ते भूमध्य समुद्रातील सात रात्रींच्या एका सहलीत, ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, सकाळी आठ ते सायंकाळी पाच. साडेचारला जहाजावर परत. नऊ तासांत शहर पाहता येते का, हा वाद जुना आहे आणि आम्ही तो घालणार नाही. आदल्या रात्री खोलीत येऊन पडलेल्या पत्रकात त्या दिवशीच्या सहली दिल्या होत्या, त्यांतल्या बहुतेक शहराबाहेर जाणाऱ्या होत्या. एक्सला जा, आव्हिन्यॉनला जा, द्राक्षमळे पाहा. ज्या बंदरात जहाज लागते ते बंदर पाहण्याजोगे आहे, असे पत्रक लिहिणाऱ्याला वाटत नसावे. बसमध्ये बसून क्रमांकाची चिकटपट्टी छातीवर लावून हिंडण्याचा आम्हा दोघांनाही मनस्वी कंटाळा आहे. तेव्हा आपले आपण जायचे, असे ठरले.

आमची खोली आवरणारा तरुण वेंगुर्ल्याकडचा होता. पहिल्याच दिवशी दारावरील नावे वाचून त्याने "काकू, पुण्याचे काय तुम्ही?" असे विचारले आणि त्यानंतर इंग्रजीची गरज उरली नाही. क्रूझ जहाजांवर गोवा, सिंधुदुर्ग आणि मुंबईची मुले पुष्कळ असतात. जुन्या आगबोटींच्या काळापासून चालत आलेली ही वाट आहे. हा सात महिन्यांपासून याच फेरीवर होता. दर मंगळवारी मार्सेलिस. आम्ही सहज विचारले, पाहण्यासारखे काय आहे रे इथे? तो हसला. तो फाटकाशेजारच्या दुकानापर्यंत दोनदा गेला होता, फोनचे कार्ड घ्यायला. एरवी प्रवासी उतरले की खोल्या, खोल्या झाल्या की कवायत, आणि ज्या दिवशी कवायत नसेल त्या दिवशी जहाज सोडायचे नाही अशा पाळीत त्याचे नाव. नाविकांना किनाऱ्यावर उतरण्याची मुभा असावी, असे २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारात स्पष्ट म्हटले आहे. मुभा आहे, तास नाहीत.

मग तो आम्हाला गॅलरीत घेऊन गेला. दक्षिणेकडे, शहराच्या पलीकडे, एका टेकडीवर देऊळ दिसत होते आणि त्याच्या शिखरावर काहीतरी सोनेरी चमकत होते. "काका, ती देवी आहे ना? दर मंगळवारी मी हात जोडतो इथून." आणि मग आपल्या बोलीत: "तुमी जावन येवा, फोटो काढून हाडा, मगे माका दाखवा."

आमच्या यादीत ती टेकडी नव्हती. ती तेव्हा यादीत आली.

क्रूझ जहाजांचा धक्का शहराच्या उत्तरेस सात-आठ किलोमीटरवर आहे. समुद्रमार्गे शहरात प्रवेश करण्याचे जे चित्र आपल्या मनात असते, किल्ल्यांच्या मधून आत शिरणारे जहाज वगैरे, त्याचा येथे संबंध नाही. कंटेनर, यारी, जाळीचे कुंपण आणि पलीकडे महामार्ग. बसने जोलियेतला आलो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जुने बंदर अपुरे पडू लागले म्हणून ही गोदी बांधली गेली. तिच्या काठची लांबच लांब दगडी वखार आता कचेऱ्या आणि दुकानांनी भरली आहे, आणि धक्क्यावरून कॉर्सिका व उत्तर आफ्रिकेकडे फेरीबोटी सुटतात. सावरकरांच्या उडीची जागा दाखविणारे काही आम्हाला आढळले नाही. रांगेत उभी असलेली अल्जेरियन कुटुंबे आढळली, गाड्यांच्या टपांवर दोरीने बांधलेल्या गाद्या आणि सायकलींसह. आमच्या एस.टी.ची आठवण होणे क्रमप्राप्त होते.

जोलियेतपासून जुन्या बंदरापर्यंत एक सरळ रुंद रस्ता जातो. पॅरिसच्या धर्तीवर १८६४ साली वस्त्या फोडून काढलेला. तो संपतो तेथे एकदम पाणी. हे बंदर म्हणजे तीन बाजूंनी घरांनी वेढलेला एक आयत आहे, आता शिडाच्या खासगी होड्यांनी गच्च भरलेला. फरसबंदीत बसविलेला एक फलक सांगतो की इ.स.पू. ६०० च्या सुमारास फोसिया येथील ग्रीक खलाशी येथे उतरले. त्यांची कथा मोठी गोड आहे. ते आले त्याच दिवशी तेथील राजाच्या मुलीचे, जिप्टिसचे, स्वयंवर होते. ज्याच्या हाती ती पेला देईल तो वर. तिने जमलेले सारे सरदार ओलांडून नुकत्याच जहाजातून उतरलेल्या प्रोटिसला पेला दिला, आणि हुंड्यात मिळालेल्या जमिनीवर शहर उभे राहिले. कथा ग्रीकांनीच सांगितलेली आहे, तेव्हा यजमानांना ती कितपत मान्य होती कोण जाणे. तरी एखादे शहर आपला जन्म परक्याच्या उतरण्यात सांगते, हे आम्हाला लक्षणीय वाटले.

धक्क्यावर सकाळचा मासळीबाजार भरला होता. मोठा नव्हे, दहा-बारा मेजे. उथळ निळ्या पेट्यांत तडफडणारे मासे, आणि मागे उभ्या बायकांचा तो आवाज, जो भाषा न कळताही कळतो. भाव विचारून न घेता पुढे जाणाऱ्याकडे मुंबईची कोळीण ज्या नजरेने पाहते त्याच नजरेने आमच्याकडे पाहिले गेले. पलीकडे नॉर्मन फॉस्टर यांनी २०१३ साली उभारलेले चकचकीत पोलादी छत आहे. त्याखाली उभे राहून मान वर केली की आपण उलटे लोंबकळताना दिसतो. लोक तेथेच अधिक रमलेले होते.

बंदराच्या उत्तरेस पानिये नावाची जुनी वस्ती आहे. अरुंद बोळ, पायऱ्या, वाळत घातलेले कपडे, भिंतींवर चित्रे. मार्गदर्शिका तिला 'रमणीय' म्हणतात. तिच्या पायथ्याशी बंदराला लागून एकसारख्या चौकोनी इमारतींची रांग का आहे, हे समजून घेतले तर ती रमणीयता थोडी अवघड होते. जानेवारी १९४३ मध्ये जर्मनांनी व्हिशी सरकारच्या पोलिसांच्या साह्याने ही सारी बाजू रिकामी केली. वीस हजारांहून अधिक माणसे बाहेर काढली, शेकडो ज्यू कुटुंबांना छळछावण्यांकडे पाठविले, आणि फेब्रुवारीत सुमारे दीड हजार इमारती सुरुंग लावून पाडल्या. नगरभवन आणि एक-दोन वास्तू तेवढ्या वाचल्या. आज जे बोळ आपण पाहतो ते त्या स्फोटांच्या रेषेपलीकडे राहिलेले.

त्याआधीची दोन-तीन वर्षे याच धक्क्यावर युरोपातील अर्धे वाङ्मय रांगेत उभे होते. पॅरिस पडल्यावर निर्वासितांना निघण्यासाठी मार्सेलिस उरले. जायचे तर पुढच्या देशाचा प्रवेशपरवाना हवा, मधल्या देशांचे संक्रमणपरवाने हवेत, जहाजाचे तिकीट हवे आणि फ्रान्स सोडण्याची परवानगी हवी. आणि एक कागद हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. आना झेगर्स यांची 'ट्रान्झिट' ही कादंबरी याच चक्रव्यूहाची आहे. त्या स्वतः मार्च १९४१ मध्ये ज्या जहाजाने सुटल्या त्याच जहाजावर क्लोद लेव्ही-स्ट्रॉस आणि आंद्रे ब्रेताँ होते. अमेरिकन पत्रकार व्हेरियन फ्राय यांनी १९४० ते १९४१ या काळात येथून शेकडो माणसे बाहेर काढली. वाल्टर बेन्यामिन यांच्यापाशी अमेरिकेचा परवाना होता, नव्हता तो फ्रान्स सोडण्याचा. ते पायी डोंगर ओलांडून स्पेनच्या हद्दीत पोर्टबूला पोहोचले, परत पाठविले जाण्याची वेळ आली आणि सप्टेंबर १९४० मध्ये त्यांनी जीवन संपविले. आमच्या खिशात जहाजाचे प्लॅस्टिकचे कार्ड होते. उतरताना ते यंत्रापुढे धरले की 'टिंग' असा आवाज होतो. एवढीच आमची तपासणी.

असो. भूक लागली होती. येथील प्रसिद्ध मत्स्यरश्शाची किंमत पाहून आम्ही त्याला दुरूनच नमस्कार केला आणि एका टपरीवर 'पानिस' घेतले. हे काय, म्हणून तोंडात टाकतो तो पाटवडी! हरभऱ्याचे पीठ पाण्यात शिजवून, थापून, काप पाडून तळलेले. फोडणी नाही, मिरची नाही, वरून नुसते मीठ-मिरपूड. तळलेल्या पाटवडीला खोबरे-कोथिंबिरीविना खाण्याची कल्पना विदर्भात कोणी सहन करणार नाही. आम्ही दोन पुड्या संपविल्या.

एक वाजून गेला होता. एखादे संग्रहालय पाहायचे की टेकडी गाठायची, एवढाच निर्णय उरला होता, आणि तो सकाळीच होऊन गेला होता. जुन्या बंदरावरून ६० क्रमांकाची बस वळणे घेत वर जाते. नोत्र-दाम द ला गार्द हे ते देऊळ. गावातले लोक त्याला 'बॉन मेर' म्हणतात, म्हणजे आपल्या शब्दांत माउली. इमारत १८६४ साली पवित्र करण्यात आली. शिखरावरची मेरीची मूर्ती अकरा मीटरांहून उंच, सोन्याच्या पत्र्याने मढविलेली, कडेवर बाळ.

आत गेलो आणि थबकलो. छतापासून दोऱ्यांना बांधलेली लहान लहान जहाजे हवेत तरंगत होती. शिडाची, वाफेची, अलीकडची. भिंतींवर संगमरवरी पाट्या आणि चित्रे: वादळात कललेले गलबत, कोपऱ्यात ढगांतून प्रकट झालेली माउली, खाली तारीख. काही पाट्यांवर आभाराचा एकच शब्द. नवस बोलणे आणि फेडणे हा व्यवहार आम्हाला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. आम्ही कोणी विशेष भाविक नाही. तरी हात जोडले गेले, आणि ते कोणाच्या वतीने जोडले हे आम्हा दोघांनाही माहीत होते. एक मेणबत्ती लावली.

बाहेरच्या कठड्यावरून सगळे शहर खाली पसरलेले दिसते. समोर समुद्रात बेटे. १७२० च्या मे महिन्यात लेव्हांटहून आलेल्या 'ग्रँ-सें-आंत्वान' जहाजावर वाटेतच माणसे मेली होती; पण त्यावरचा कापडाचा माल जत्रेसाठी हवा होता आणि मालाच्या मालकांत नगरप्रमुखही होता. विलगीकरणाचे नियम सैल झाले, माल उतरला, प्लेग उतरला आणि निम्म्याच्या आसपास शहर दगावले. शेवटी ते जहाज येथील एका बेटाजवळ नेऊन जाळले. उत्तरेकडे, यारींच्या मागे, आमचे जहाज दिसत होते. पांढरे, आडवे, एखाद्या गृहनिर्माण संस्थेसारखे.

परतीची बस वेळेवर मिळाली. पावणेचारला 'टिंग' झाले.

रात्री पलंग आवरायला तो आला तेव्हा आम्ही फोटो दाखविले. मूर्तीचा त्याने मोठा करून पाहिला. टांगलेल्या जहाजांपाशी तो बराच थांबला, एकेक ओळखीत: ही मालवाहू, ही मासेमारीची. मग सहज बोलावे तसा बोलू लागला. २०२० च्या एप्रिलमध्ये तो दुसऱ्या एका जहाजावर होता. प्रवासी केव्हाच उतरून घरी गेले होते, जहाजावर फक्त कामगार. जहाज मुंबईसमोर येऊन उभे राहिले आणि उतरण्याची परवानगी मिळेना. "काका, रात्री मुंबईचे दिवे दिसायचे. आई फोनवर म्हणायची, दिसते ना मुंबई, मग ये की." दिवसामागून दिवस गेले. परवानगी आली तेव्हाही थेट घर नव्हतेच, आधी तपासणी, मग विलगीकरण.

काकूंनी त्याला खाली बसायला सांगितले. तो बसला नाही. खोल्या राहिल्या होत्या. जाता जाता वळून त्याने विचारले, "वरसून आपली बोट दिसता काय?"

दिसते, आम्ही म्हणालो, आणि तो फोटो शोधून काढला. त्याने बोटाने खिडक्या मोजायला सुरुवात केली. त्याची खोली पाण्याच्या रेषेखाली होती.